बाबा, यंदाचं एक पडवळ बियाण्याला ठेवा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले की आता गुडघे ऐकत नाहीत, पावसाळा संपला की परस तसाच सोडून द्यायचा. मी तेव्हा काहीच बोलले नाही, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, आणि फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं, मग आई घाबरते, म्हणून लिहितेच आहे.

आधी चांगली बातमी. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या एवढ्याशा बाल्कनीत दोडका धरला! 7 जूनला, मृग लागतो तेव्हा, ग्रो बॅगेत चार बिया टोचल्या होत्या, दोन रुजल्या आणि वेल ग्रिलवर भराभर चढले, पण आधी कितीतरी दिवस नुसती नर फुलं, आणि मग मादी फुलं आली ती पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, शेणखत घातलं, ताक घातलं, काही फरक नाही. मग लक्षात आलं, दोडक्याची फुलं उमलतात संध्याकाळी आणि त्या वेळेला एवढ्या वर ना माशी फिरकत ना पतंग. आता ऑफिसातून आले की पर्स टाकून आधी बाल्कनीत जाते. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि ज्या फुलामागे करंगळीपेक्षा बारका दोडका असतो त्या मादी फुलाच्या मधोमध हळूच टेकवायचं. बोटाला जी पिवळी धूळ लागते ती पुसावीशीच वाटत नाही. पाच फुलांना केलं, तीन धरली. पहिल्याची भाजी केली आणि शिरांची चटणी, आई, तुझ्यासारखीच तीळ घालून.

जास्वंदीने मात्र रडवलंय. पिठ्या ढेकूण. कळ्यांच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखं दिसतं आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली की समजायचं आलाच. बाबा, तुम्ही राख टाका म्हणालात, पण गॅसवर स्वयंपाक, राख आणू कुठून? जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढते आणि लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल, तेही आधी साबणात फेटून, नाहीतर तेल वरच तरंगतं. दर आठवड्याला. तरी परत येतोच.

आणि तो सोनचाफा गेला. दोन वर्षं जपला, मग कळलं की नर्सरीवाल्याने दिलेलं कलम वरून केव्हाच मेलेलं, जोडाच्या खालून आलेला फुटवाच मी वाढवत बसले होते. पैशांचं काही नाही, पण दोन वर्षं रोज सकाळी त्याच्याकडे कळी आली का बघत होते ना.

लाडकी कोण विचाराल तर आईची अबोली. तिच्या वाळक्या शेंगांवर पाणी पडलं की त्या तडतड फुटतात आणि बिया कुठल्या कुठे उडतात, आता माझ्या प्रत्येक कुंडीत एक तरी अबोली आहेच, कढीपत्त्याच्या कुंडीत तर तीन.

पण मला खरं हवंय ते या बाल्कनीत होणारच नाही. मला पडवळाचा मांडव हवाय. इथे वेल चढेल, पण पडवळ लोंबायला जागा कुठे? तुम्ही पडवळाच्या टोकाला सुतळीने गोटे बांधायचात, सरळ वाढावं म्हणून, आणि पऱ्याच्या पाण्यातून गोटे वेचून आणायचं काम माझं असायचं. प्रत्येक गोटा तुम्ही हातात तोलून बघायचात, जड असला तर देठ तुटेल म्हणून परत पाठवायचात. मला वजनाचा अंदाज तिथेच शिकायला मिळाला. संध्याकाळी त्या मांडवाखाली उभं राहिलं की वर पांढरी झालरीची फुलं उघडत असायची, ते मला माझ्या लेकीला दाखवायचंय, फोटोत नाही, तिथे.

म्हणून सांगते, परस सोडू नका. दिवाळीला दहा दिवस येतेय, रजा टाकली आहे. ठिबकच्या नळ्या आणि टायमर मी घेऊन येते, विहिरीच्या पंपाला जोडून देऊ, मग कळश्या उचलायच्या नाहीत, पाट फिरवायला वाकायचं नाही, तुम्ही पडवीत बसून नुसतं कुठे काय लावायचं ते सांगा. मातीत हात मी घालते. आणि आई, जानेवारीत तुम्ही दोघांनी इकडे पुण्याला यायचं, 26 जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तुला गुलाब बघायचेत ना, हळूहळू फिरू.

तोवर एकच काम करा. मांडवावरचं एक चांगलं लांब, सरळ पडवळ तोडू नका, त्याला लाल चिंधी बांधून ठेवा म्हणजे चुकून कुणी भाजीला नेणार नाही. पिकून तांबडं झालं की आईने बिया धुऊन राखेत घोळवून ठेवाव्यात, आपल्या नेहमीच्या बरणीत. पुढच्या मृगाला पेरायला मी येते.

तुमची,
ताई