ताई, चुकलेल्या गाड्यांबद्दल आभार

सप्रेम नमस्कार ताई,

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. पण तुम्ही "अहो, कामच आहे ते माझं" म्हणत ते पर्समध्ये टाकलं असतंत आणि विषय संपवला असतात. म्हणून चारचौघांत लिहितेय. ज्याला आम्ही आधी प्रतिपालक म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला घेतलं, तो मुलगा आता दत्तक होऊन आमचा झाला, आणि त्याचं सरकारी काम बघणाऱ्या ताई तुम्ही. तुमचं नाव घालत नाही, मुलाचंही नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, हे तुम्हीच पहिल्या भेटीत समजावलं होतं. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की शेजारणीने "कुठला हो हा?" विचारलं की त्या "कळव्याचा" एवढंच सांगून दार लावून घ्यायच्या. तो आमच्याकडे येण्याआधी कुठे होता, कसा तिथवर पोहोचला, हे इथे येणार नाही. ती त्याची गोष्ट आहे. मोठा झाला की कोणाला सांगायची, सांगायची की नाही, ते तो ठरवेल.

दत्तक आदेशाची प्रत हातात आली तेव्हा आमचे हे कोर्ट नाक्यावरून थेट घरी आले, पेढ्यांचा पुडा माझ्याकडे दिला आणि चपला न काढता दारातच रडायला लागले. माझं अजून तसंच चाललंय. भाजी निवडताना मध्येच डोळे भरून येतात. तेव्हा वाक्यं इकडची तिकडे गेली तर सांभाळून घ्या.

सोसायटीत जो तो म्हणतो, "केवढं पुण्याचं काम केलंत!" मला हे ऐकवत नाही. आम्हाला मूल हवं होतं, त्याला घर हवं होतं. यात पुण्य कुठून आलं? आणि तो समोर उभा असताना म्हणतात हो! आपण कोणाच्या तरी पुण्याचा आकडा आहोत असं ऐकत मुलाने मोठं व्हायचं का?

तुमच्या आधी या कामासाठी जे भेटले त्यांच्याबद्दल लिहू नको, असं हे म्हणतात. थोडं लिहिणार आहे.

एक गृहस्थ घर बघायला आले होते. फ्रिज उघडून पाहिला, गॅलरीची ग्रिल हलवून पाहिली. ठीक आहे, तेही बघायला हवंच, आमची तक्रार नाही. मग चहा घेता घेता म्हणाले, "नाही जमलं तर सांगा, परत नेऊ." मुलगा समोर जमिनीवर बसून चित्र रंगवत होता. त्याचा खडू थांबला नाही, मान वर झाली नाही. मला तेच भयंकर वाटलं. म्हणजे हे वाक्य त्याच्या कानावरून आधी गेलेलं होतं.

दुसऱ्या एक बाई आल्या, त्या प्रेमळ होत्या. त्याला चॉकलेट दिलं आणि गाल ओढून म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तुझं पक्कं होणार हं!" दिवाळी आली, कंदील उतरला, तुळशीचं लग्नही झालं. त्याने एकदाही विचारलं नाही. पुढच्या जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घातली आणि लेबलं चिकटवायला त्याच्याकडे दिली. इयत्ता, तुकडी, विषय त्याने पेनाने लिहिलं. स्वतःचं नाव पेनाने लिहिलं. त्यापुढची दोन नावं, वडिलांचं आणि आडनाव, पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. सगळ्याच वह्यांवर तसं. मी काही बोलले नाही. बोलून काय बोलणार होते?

त्यानंतर तुम्ही आलात.

तुम्ही फाइल उघडली नाहीत, पाणी मागितलंत. तो दाराच्या आड उभा होता. बाहेर आला आणि तुम्हालाच थेट विचारलं, "मी इथेच राहणार का?" आम्ही तिघं तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. तुमच्या जागी दुसरं कोणीही "हो रे राजा" म्हणालं असतं. खरं सांगायचं तर तुम्हीही तसंच म्हणावं असं मला त्या क्षणी वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "मला अजून माहीत नाही. कुठवर आलंय ते शुक्रवारी संध्याकाळी फोन करून सांगते. तुलाच सांगीन."

शुक्रवारी फोन आला. "त्याला द्या," म्हणालात. तो कानाला लावून नुसता "हं, हं" करत होता. अर्ध्या मिनिटात संपलं. मग एखाद्या हेडक्लार्कच्या गंभीरपणे आम्हाला सांगितलं, "पोलिसांकडचा एक कागद यायचाय. पुढच्या शुक्रवारी कळेल." आणि खाली खेळायला गेला. रात्री भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

तुमच्या लेखी ही गोष्ट किती मोठी आहे ते मला माहीत नाही. पण आभार मानायचे ते मुख्यतः याचे आहेत. बहुतेक शुक्रवारी तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसायचं, आणि तरी ते सांगायला फोन यायचा. "आज काही झालं नाही." "सह्या राहिल्यात." "साहेब रजेवर आहेत." अनंत चतुर्दशीला आलेल्या फोनमध्ये ढोल-ताशाशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं, तरी तो "कळलं, कळलं" म्हणाला. एकदा तुमचा आवाज पूर्ण बसलेला होता. एकदा गुरुवारीच मेसेज आला, "उद्या ट्रेनिंग आहे, फोन शनिवारी येईल." शनिवारी आलासुद्धा.

तुम्ही फोन ठाणे स्टेशनवरून करायचात, कचेरीतून घरी जाताना. मागे अनाउन्समेंट चालू असायची आणि आमचा मुलगा कान देऊन ती ऐकायचा. तुमचं गाव कुठलं ते त्याने तुम्हाला विचारून घेतलं होतं. मध्येच ओरडायचा, "मावशी, तुमची गाडी आली! पळा!" आणि तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे रे, मागून येतेय दुसरी. तू बोल."

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला हातातली गाडी सोडणं म्हणजे काय, ते इथल्या बायकांना सांगायला नको. पुढच्या गाडीला गर्दी दुप्पट. लेडीज डब्यात चौथी सीट सोडाच, पाय टेकायला जागा मिळाली तर नशीब. दारात लोंबकळत जायचं, घरी कुकर उशिरा लागणार, कोणाचं तरी तोंड वाकडं होणार. आणि हे कशासाठी, तर एका मुलाला "अजून काही नाही" हे नीट, शांतपणे सांगून व्हावं म्हणून. किती गाड्या सोडल्यात, त्याचा हिशोब त्याच्याकडे असेल, माझ्याकडे नाही.

कागदपत्रांचं सगळं इथे लिहीत बसत नाही, मलाही ते अर्धंमुर्धंच कळलं. एक मात्र लिहिते, कारण अजून कोणी प्रतिपालक त्यात अडकले असतील. प्रतिपालकांसाठीच्या २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मूल पाच वर्षं सांभाळल्यावरच त्या कुटुंबाला दत्तकाचा विचार करता यायचा. २०२४ मध्ये नवीन तत्त्वं आली आणि पाचाची दोन वर्षं झाली, मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालेलं असेल तर. हे मी एका टेबलावर सांगितलं तर उत्तर मिळालं, "व्हॉट्सॲपवर काहीही येतं मॅडम. पाच वर्षं थांबा." तुम्ही भांडला नाहीत. नव्या नियमाचं ते पान काढलंत, त्या ओळीवर हायलाइटर फिरवलात आणि "हे तुमच्या फाइलला लावून ठेवते हं" म्हणत त्यांच्याच स्टेपलरने टाचलंत. ते स्टेपलर वाजलं तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

पण तुम्ही घाईच्या बाजूच्याही नव्हतात. बाल कल्याण समितीच्या किमान तीन सदस्यांनी मिळून मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं ठरवावं लागतं आणि त्याआधी जन्माच्या घरचा शोध. या शोधाचा मला राग यायचा. इतकी वर्षं जे आले नाहीत ते आता कशाला येतील, असं मी तुम्हाला तावातावाने बोललेही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कोणाचा तरी तो हरवलेलाही असू शकतो ना?" त्या रात्री मला झोप लागली नाही. हीच गोष्ट तुम्ही त्यालाही सांगितलीत, त्याला झेपेल अशा शब्दांत. तो म्हणाला, "बघा मग नीट." त्याला जे सहज कळलं ते मला कळायला वेळ लागला.

मुलगा पाच वर्षांच्या वरचा, त्यामुळे त्याची संमती घ्यायची होती. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट मागितला. विचारल्यावर "हो" म्हणण्याआधी त्याने उलट विचारलं, "आजी पण येते का यात?" तिथले अधिकारी कागदात बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "आजीचं नाव कागदावर नसतं. पण येते." मग तो हो म्हणाला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हापासून त्यांच्या गुडघेदुखीत बराच उतार पडला आहे.

आता जरा अवांतर. चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडे लगेच दानधर्म, त्याग, अन्नदानाच्या पंगती. माझ्या यादीत मात्र वेगळीच माणसं असतात. गावदेवीजवळचा एक शिंपी मंगळवार म्हणाला तर ब्लाउज मंगळवारीच तयार असतो. मुलाच्या वर्गशिक्षिकेने शाळेच्या फॉर्मवरचा एक रकाना स्वतःहून "हा राहू द्या, नंतर भरू" म्हणून दुमडून ठेवला, कारण बाकीची मुलं डोकावत होती. एक रिक्षावाला छत्री परत द्यायला दोन दिवसांनी बिल्डिंग शोधत आला. यातलं कोणी सत्काराला जाणार नाही. पण माझ्या मते या ठाणे शहराचा गाडा चालतो तो यांच्यावर, चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात त्यांच्यावर नाही.

आणि एक बोलू का? तुमची नोकरी कंत्राटी आहे हे मला फार उशिरा कळलं, तेही तुमच्याकडून नाही. मिशन वात्सल्य या सरकारच्या बाल संरक्षण योजनेतली अशी बरीच पदं कंत्राटी असतात म्हणे. मुलांना कायमचं घर मिळावं म्हणून राबणारी माणसं स्वतः दर मुदतवाढीला धाकधूक करत बसतात, हे ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा शुक्रवारच्या संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं करायला हवं. असो. हे म्हणतात, आभारपत्र आहे, आंदोलन नाही.

दत्तकानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा असतो असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे तुम्ही येणार. सासूबाईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे आणि "सरकारी कामात भेटवस्तू चालत नाही" हे तुमचं म्हणणं त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते लोणचं ही भेटवस्तू नाही. तुम्ही आणि त्या काय ते बघून घ्या, मी मध्ये पडणार नाही.

या पत्राची एक प्रत मी तुमच्या वरिष्ठांच्या कचेरीत स्वतः नेऊन देणार आहे. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण तिथल्या आवक रजिस्टरमध्ये लोकांच्या तक्रारी रोज चढतात, तर त्यात एकदा हेही चढू दे. शिक्का मारून आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

आपली,
त्याची आई
कळवा, ठाणे