कागदावर उत्तीर्ण, रस्त्यावर नापास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना हात किती उचलतो, पाऊल कसे पडते, हे सगळे तपासतात. लक्ष कोठे जाते हे फार थोड्या ठिकाणी पाहिले जाते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की अनेक रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. डोळे शाबूत असूनही ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच उरते आणि घरच्यांना वाटते की तोंडाची चव गेली. आपले काही चुकते आहे हे रुग्णालाही जाणवत नसल्याने त्याला विचारून उपयोग नसतो.

रेघेचा मध्य दाखवणे, चित्रांच्या गर्दीतून ३५ घंटा शोधून त्यांवर खूण करणे, अशा कागद-पेन्सिलच्या चाचण्या यासाठी आहेत. त्या स्वस्त आहेत, खाटेवरही घेता येतात आणि त्या सोडाव्यात असे मी म्हणणार नाही. परंतु कागद हलत नाही, खोलीत शांतता असते, आणि जरा सावरलेला हुशार रुग्ण एकेक ओळ चाचपत उत्तीर्ण होतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी उपचार करताना, मी असे रुग्ण पाहिले आहेत, जे टेबलाशी निर्दोष होते आणि बाहेर पडताच दाराच्या डाव्या चौकटीवर आदळले.

आभासी वास्तवातील (व्हर्च्युअल रिॲलिटी) चाचणी, म्हणजे पडद्यावर किंवा डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमध्ये संगणकाने उभ्या केलेल्या दृश्यातील चाचणी, ही उणीव भरून काढू शकते, कारण तिथे दृश्य हलते, गर्दी आणि आवाज हवे तसे वाढवता येतात आणि अपघात झाला तरी कोणाला इजा होत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी रुग्णाला पडद्यावरील वाटेने नेऊन दोन्ही बाजूंच्या वस्तू ओळखायला लावणारी चाचणी तयार केली. इस्रायलमध्ये २००५ साली रस्ता ओलांडण्याचा आभासी सराव देऊन पाहिला गेला.

मात्र या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणजे पदपथावरून उतरताच पहिला धोका डावीकडून येतो. आपल्याकडे उलटे आहे. आपला रुग्ण उजवीकडे पाहून अर्धा रस्ता बिनधोक ओलांडतो आणि दुभाजकापुढे, जिथे वाहने डावीकडून येतात, तिथे फसतो. त्यामुळे परदेशी प्रणाली जशीच्या तशी आणून चालणार नाही. आपली रहदारी, रिक्षा, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीसुद्धा (दुर्दैवाने तीही आपलीच) तिच्यात हव्यात आणि निकालाचे मापदंड इथल्या निरोगी ज्येष्ठांवरून ठरायला हवेत. हेडसेटने काहींना गरगरते, याचाही विचार व्हावा.

आपल्या अभियांत्रिकी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या महाविद्यालयांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. तोपर्यंत, स्कूटरची किल्ली परत हाती देण्यापूर्वी, रुग्णाला दवाखान्याच्या गजबजलेल्या व्हरांड्यातून चालवत न्यावे आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचायला सांगाव्यात. एवढ्यासाठी हेडसेट लागत नाही.

आपली विश्वासू,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे