छतावर प्रेशर वॉशर घेऊन चढण्याआधी वाचा
मंडळी, परत एकदा सांगतोय, शिडीवर उभं राहून गन चालवायची नाही, ट्रिगर दाबला की मागे झटका बसतो आणि तोल जातो. हार्नेस (अंगाला बांधायचा सेफ्टी बेल्ट) पक्क्या अँकरला, म्हणजे दोर अडकवायच्या मजबूत आधाराला, अडकवूनच काम करा. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं (त्याचे बारीक तंतू श्वासातून गेले की फुफ्फुसांना घातक), अशा पत्र्यावर प्रेशर मारायचंच नाही आणि पायही ठेवू नका, वरून धड दिसतो पण माणसाचं वजन पेलेलच असं नाही. कौलांवर पाणी वरून खालीच मारा, उलटं मारलं की थेट घरात. शेवाळाला तर जास्त प्रेशर लागतच नाही, हायपोक्लोराइटचं (म्हणजे ब्लीचचं) पातळ मिश्रण कमी दाबाने फवारलं की झालं (गॉगल, ग्लोव्हज घालूनच), पण त्यात अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो. आणि झिरो डिग्री नोझल (सुईसारखी एकच जोरदार धार मारणारं) गाडीतच राहू दे.