ट्रेनिंगमधली ट्रेन

ठाणे

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ट्रेन म्हणजे गाडी, मग ट्रेनिंगमध्ये गाडी कुठून आली?" तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून नंतर सांगते म्हटलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी शब्दकोश काढून बसले.

मुळात त्यात गाडी नव्हतीच गं. लॅटिनमध्ये 'त्राहेरे' म्हणजे ओढणे. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला, तेव्हा झग्याचा मागे जमिनीवर लोळणारा घोळ म्हणजे ट्रेन. मग राजामागून चालणारा लवाजमाही ट्रेन. वाफेचं इंजिन आल्यावर त्यामागच्या डब्यांच्या रांगेला तेच नाव मिळालं. आपल्या ठाण्यात ती बोरीबंदरहून आली १६ एप्रिल १८५३ला, १४ डब्यांची, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली. आपण तिला आगगाडी म्हटलं. इंग्रजांच्या शब्दात ओढणं राहिलं, आपल्या शब्दात आग.

तुझ्या ट्रेनिंगचा अर्थ मात्र बागेतला आहे. वेल ओढून, बांधून हव्या त्या बाजूला न्यायचा, ते ट्रेन करणं. त्यावरून सोळाव्या शतकात माणसांना शिकवण्यासाठीही तोच शब्द आला, म्हणजे आगगाडीच्या कितीतरी आधी. मराठीतही बघ, वेलाला वळण, अक्षराला वळण, पोरीला वळण! मला आपलाच शब्द जास्त आवडतो. ओढण्यात सगळा जोर दुसऱ्याचा असतो. वळणात वेल आपला आपण वाढतो.

ट्रॅक्टर त्याच कुळातला. तू सही केलीस ते काँट्रॅक्टसुद्धा, दोन बाजूंना एकत्र ओढणारं. आणि अट्रॅक्शन म्हणजे तर सरळ आपली ओढ. हे वाचलं तेव्हा कोश मिटून थोडा वेळ तशीच बसले. तुझी खोली रिकामी आहे ना, दुपारी फार जाणवतं.

तू जाताना बांधलेला जुईचा वेल ग्रिलच्या वरच्या गजापर्यंत पोचलाय. आज सुतळी बदलली. गाठ सैलच ठेवली, खोड जाड झालं की काचते.

गणपतीचं तिकीट काढलंस की कळव. स्टेशनवर बाबा येतील.

तुझी,
आई