पुढची स्प्रिंग बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि फोटो मिळाले. डाव्या बाजूच्या पुढच्या स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटला आहे, यात शंका नाही. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी आणि अर्धा चकचकीत दिसतो, याचा अर्थ चीर जुनी आहे आणि उरलेले पोलाद अलीकडे एखाद्या खड्ड्यातल्या धक्क्याने तुटले. रंगाचा पापुद्रा उडाला की तेथे गंज धरतो. स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या खालच्या बशीत पावसाळ्याचा चिखल साचून राहतो, आणि त्यात तुमच्याकडची खारी हवा. तुटके टोक टायरपासून बोटभर अंतरावर आहे, म्हणून काम होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नकोस.

हे काम घरी करता येईल का, असे तू विचारले आहेस. बरेचसे येईल, पण त्यातला एक भाग घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो कोणता हे कळण्यासाठी रचना नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांप्रमाणे तुझ्या गाडीलाही पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब. (अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली. तुझ्या वडिलांच्या अँबॅसडरला पुढे अशी स्प्रिंग नव्हतीच, टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसून भार झेलणारा पोलादी दांडा होता. तेव्हा त्या काळच्या अनुभवावर येथे फार विसंबू नये.) गाडी एक टनाची आणि त्यातला साठ टक्के भार पुढच्या चाकांवर असे धरले, तर एकेक पुढची स्प्रिंग अडीचशे ते तीनशे किलो तोलून धरते. गाडी जॅकवर चढवली की हा भार उतरतो, आणि येथेच माणूस फसतो, कारण भार उतरला तरी स्प्रिंग मोकळी झालेली नसते. वरच्या आणि खालच्या बशीच्या मध्ये ती मुळातच दाबून बसवलेली असते, आणि तिला अडवून धरणारा शॉकअपच्या दांड्यावरचा मधला नट हाच एकमेव अडसर असतो. कंप्रेसरने, म्हणजे स्प्रिंग दाबून धरण्याच्या साधनाने, तिला पकडण्यापूर्वी तो नट सुटला, तर वरची बशी आणि स्प्रिंग मिळून ज्या दिशेला तोंड असेल तिकडे उडतात.

म्हणून माझी सूचना अशी की अख्खा स्ट्रट तू घरी उतरवावास, आणि स्प्रिंग बदलण्यापुरता तो भिंतीवर किंवा टेबलावर पक्का बसवलेला कंप्रेसर असलेल्या गॅरेजात न्यावास. त्यासाठी थोडे पैसे पडतील, पण या कामातली सर्व जोखीम त्या काही मिनिटांत आहे.

उतरवण्याचे काम सरळ आहे. जमीन सपाट व टणक हवी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर भार स्टँडवर दे, आणि गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय चाक काढू नकोस. ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या वायरीची पकड स्ट्रटपासून सोडव, मग लिंक रॉड, म्हणजे स्ट्रटला जोडलेली लहान दांडी. नकलला (स्ट्रटच्या खालचा, चाक ज्यावर बसते तो भाग) धरणाऱ्या दोन बोल्टांभोवती आधी रंगाची रेघ ओढून ठेव, म्हणजे परत बसवताना चाकाचा कल जवळपास पूर्वीसारखा येईल. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो. तो तारेने बांधून ठेव, कारण तो ब्रेकच्या नळीवर लोंबता कामा नये आणि बाहेर ओढला गेल्यास ॲक्सलचा आतला सांधा निसटू शकतो. शेवटी बॉनेटखालचे कडेचे नट काढताना स्ट्रटला खालून हात दे. काही मॉडेलांत ही वरची बांधणी निराळी असते, म्हणून मॅन्युअलमधली आकृती समोर असू दे. मधल्या नटाला हात लावायचा नाही, अगदी "जरा सैल करून ठेवतो" इतकाही नाही.

एवढे सांगूनही तू कंप्रेसर भाड्याने आणशील, हे मी ओळखून आहे. तेव्हा हेही वाच. दोन आकड्यांचा (हुकांचा) कंप्रेसर असेल तर दोन्ही आकडे बरोबर समोरासमोर लाव, शक्य तितके वेढे पकड, आणि सुरक्षेच्या पिना असतील तर त्या विसरू नकोस. कंप्रेसरच्या आट्यांना ग्रीस लाव. हातपान्याने आलटून पालटून दोन-दोन फेरे दे. एअरगन वापरू नकोस. नव्या स्प्रिंगचा रंग गुळगुळीत असतो, त्यामुळे घट्ट करताना आकडा वेढ्यावरून तसूतसूने सरकत जातो. तो सरकलेला दिसला तर तेथेच थांब, दाब सोडून दे आणि पुन्हा लाव. स्प्रिंग बशीत हाताने फिरू लागली की तेवढा दाब पुरे. मधला नट काढताना दांडा वरच्या खाचेत पाना घालून धर. पकडीने धरलास तर चरा पडून शॉकअपचे सील जाईल. स्प्रिंगच्या टोकांसमोर तोंड, छाती किंवा मूल, काहीही नको.

स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या बदल, नाहीतर गाडी एका अंगाला झुकेल. गाडी लाखाच्या घरात धावली आहे, तेव्हा वरचे रबरी माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप (स्प्रिंग फार दबल्यावर धक्का झेलणारे रबर) हेही याच वेळी नवे घाल. मजुरी तीच पडते. बसवताना स्प्रिंगचे टोक खालच्या बशीच्या खाचेला टेकले पाहिजे. नकलचे नट नवे वापर आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतके आवळ. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घे, आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासून घे.

भाग मागवण्यापूर्वी चासी नंबर दुकानदाराला दे. डिझेलचे इंजिन जड असल्याने एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या स्प्रिंगा बहुतेकदा वेगळ्या असतात, आणि दिसायला त्या सारख्याच असल्याने फसगत होते. जुन्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके दिसत असतील तर त्यांचा एक फोटो मलाही पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सोबती