मंत्रीमहोदय, माझ्या हुद्द्याचा रकाना रिकामाच आहे

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मागल्या महिन्यात बँकेचा फॉर्म भरताना 'हुद्दा' या रकान्यापाशी पेन अडला. नागपुरातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी 9 वर्षे अनुदान आणि प्रायोजकत्वाचे काम पाहतो. ऑर्डरवर मात्र 'लिपिक, कंत्राटी, 11 महिने' असते. एक्सेल येते म्हणून हे टेबल माझ्याकडे आले, दुसरे कारण नाही.

पहिल्याच वर्षी आमचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले याचा दाखला, परत आले. सीएची सही होती, प्राचार्यांचा गोल शिक्का होता. खात्यावर पडलेले 1,143 रुपये व्याज तेवढे दाखवायचे राहिले होते. अनुदानावरचे व्याज सरकारचे, ते परत भरावे लागते. नियम बरोबर, चूक माझीच. पण या प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना, जीएफआर 12-ए हा फॉर्म, मी त्याआधी पाहिलाही नव्हता. तेवढ्यापायी पुढचा हप्ता अडकला आणि एसी दुरुस्तीची पोरे ऐन एप्रिलमध्ये फळ्यावरचा कॉम्प्रेसर पाहत बसली. (नागपूरच्या उन्हात याच पोरांना कामाची ददात नसते.)

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाची, तऱ्हा निराळी. कंपनी कायदा 2013, कलम 135: पात्र कंपन्यांनी मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचा. वर्षभर फोन न उचलणारे बुटीबोरी-हिंगणा एमआयडीसीतल्या कंपन्यांचे साहेब फेब्रुवारीत स्वतःहून म्हणतात, "चार दिवसांत प्रस्ताव पाठवा." मग सीएसआर-1 चा, म्हणजे असा निधी घेणाऱ्या संस्थेच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक मागतात. तो कॉलेजच्या नावावर नसतो, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर असतो. संस्थेचे सचिव असतात गावाला. एवढे करून पैसा आला की फलकाचा प्रश्न. देणगीदाराचे नुसते नाव लिहून आभार मानले तर ती देणगी, त्याच्या मालाची जाहिरात केली की जीएसटी. पेंटरला हे समजावणारा माणूस कॉलेजात मी एकटाच.

साहेब, हिशेब, कायदा आणि गोड बोलणे ही तिन्ही ज्याला जमतात त्याला 'बाबू' म्हणून कसे भागेल? शिक्षकेतर आकृतीबंधात (मंजूर पदांच्या यादीत) 'अनुदान अधिकारी' हे पद आणा, खाली सहायक ठेवा, वर चढायला एखादी पायरी ठेवा. 1923 साली सुरू झालेल्या आमच्या नागपूर विद्यापीठात या कामाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला, तर शिकवायला मी येईन, तासिका तत्त्वावरही चालेल. डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण इथे असताच. अर्धा तास दिलात तर फायली घेऊन येतो.

फक्त या शुक्रवारी बोलावू नका. माझी ऑर्डर गुरुवारी संपते, नवी शनिवारपासून. शुक्रवारी मी कॉलेजचा कुणीच नसतो, आणि एका कंपनीला प्रस्ताव त्याच दिवशी हवा आहे.

आपला,
एक कंत्राटी लिपिक, नागपूर