मंजूस, इम्प्लांटबद्दल

प्रिय मंजू,

तब्येत ठीक आहे, हे आधी सांगते. नाहीतर पुढचं न वाचताच फोन करशील. पण डाव्या स्तनातलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट फाटलंय.

सुधीरने लगेच विचारलं, "दुखतंय का?" दुखत नाही गं, तीच तर भीती! गाठ नाही, आकार तसाच, हाताला काही लागत नाही. शरीराने इम्प्लांटभोवती जे आवरण धरलंय, त्याच्या आतच जेल राहिलंय. सलाइनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेलं असतं तर चपटं झालेलं आरशातच दिसलं असतं.

सोनोग्राफीत एकाखाली एक आडव्या रेषा दिसल्या. डॉक्टर म्हणाल्या, साध्या घड्याही असतील, एमआरआय करून खात्री करू. मॅमोग्राफीत का नाही दिसणार, असं मी विचारलं. सिलिकॉनमधून एक्स-रे नीट पार होत नाहीत. आवरणाबाहेर सांडलेलं जेल दिसू शकतं, आतली फाटाफूट बहुधा नाही.

एमआरआयला पालथं झोपवलं, छाती खालच्या दोन खळग्यांत, हात डोक्यापुढे, आणि कानठळ्या बसवणारी ती ठकठक. तुझ्या बडबडीची फार आठवण आली! फाटलंय का एवढंच बघायचं असल्याने शिरेतून औषध द्यावं लागलं नाही. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: पांढऱ्या जेलमध्ये कोसळलेल्या कवचाच्या काळ्या रेषा, गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या. रिपोर्टात 'लिंग्विनी साइन' लिहिलंय, म्हणजे लांब शेवयांसारख्या पास्त्याच्या नावाची, कवच फाटल्याची खूण. जेल आवरणाबाहेर गेलेलं नाही, काखेतल्या ग्रंथीही स्वच्छ आहेत.

घाई नाही म्हणतात, पण ते काढायचंच. मग नवं बसवायचं की तसंच राहायचं? रात्री एक ठरवते, सकाळी दुसरं. पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि काही वर्षांनी पुन्हा हेच? सुधीर म्हणतो, तुला हवं ते कर. हे वाक्य ऐकलं की रडूच येतं. यावर तुझ्याशिवाय कोणाशी बोलू? "एकदा बसवलं की जन्माची काळजी मिटली" म्हणाली होतीस, त्यावरून आपण किती भांडलो होतो! जन्माचं नसतं ते, मंजू.

आणि तू तुझं इम्प्लांट अजून तपासलेलं नाहीस. औषधं आणि अशी उपकरणं यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली सांगितलंय: जेलचं इम्प्लांट असेल तर काही त्रास नसला तरी बसवल्यावर ५ ते ६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर २-३ वर्षांनी. तुझी मुदत केव्हाच उलटली. "मला काही होत नाही" हे मला सांगू नकोस. मलाही काही होत नव्हतं.

नेहाच्या नोकरीचं काय झालं? नवं घर लागलं का? सविस्तर लिही. तपासणीची तारीख घे आणि कळव, मी सोबत येते.

तुझी,
शैला